जुन्या मोटारीचें गाऱ्हाणें

मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या दिव्यांत, भोंग्यांत आणि सेल्फांत बिघाड व्हावयाचेच. ते कोणास सांपडावयाचे नाहींत, आणि सांपडले तरी दुरुस्ती टिकावयाची नाहीं. तेव्हां त्यांच्या नादीं न लागतां एक चांगलासा स्टिरिओ बसवून घ्यावा आणि जितके दिवस गाडी ओढील तितके दिवस गाणें ऐकत ती चालवावी, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत हल्लीं रूढ होऊन बसली आहे. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या सोसायटीच्या आवारांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मारुती किंवा त्याहून जुनी पद्मिनी उभी आहे, तेथें तेथें हें तत्त्वज्ञान ऐकावयास मिळतें. तें सांगणारे गृहस्थ अडाणी नसतात. त्यांत वकील असतात, बँकेंतील अधिकारी असतात, आणि ज्यांनीं ओमचा नियम पाठ करून पदवी मिळविली असे विज्ञानाचे पदवीधरहि असतात. समजूत केवळ अज्ञानाची असती तर तिच्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. पण ती सोईची आहे, आणि सोईची समजूत आपण होऊन जात नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम बिघाडाविषयीं. मोटारींतील वीज ही कांहीं भुताटकी नव्हे. बॅटरीच्या एका टोकापासून निघालेला प्रवाह तारेनें दिव्याकडे जातो. परततांना मात्र त्याला स्वतंत्र तार नसते, तो मोटारीच्या लोखंडी अंगांतूनच बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला येऊन मिळतो. ह्या परतीच्या वाटेला कारागीर 'अर्थ' म्हणतात. जाण्याची वाट तांब्याची, रंगीत वेष्टणाची, फ्यूजनें राखलेली. येण्याची वाट गंजक्या पत्र्याची, एखाद्या स्क्रूवर आणि वेणीसारख्या विणलेल्या एखाद्या पट्टीवर भिस्त ठेवणारी. जुन्या गाडींतील पुष्कळसे बिघाड ह्या दुसऱ्या वाटेवर होतात, आणि शोधणारे बहुधा पहिल्या वाटेवर शोधतात. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, त्यांतलाच प्रकार. ब्रेक दाबला कीं इंडिकेटर मिणमिणूं लागतो, इंडिकेटर लावला कीं मागचा तांबडा दिवा त्याच्याबरोबर लुकलुकतो, हीं लक्षणें पाहून मालक म्हणतो कीं गाडीच्या अंगांत आलें आहे. वस्तुतः मागच्या दिव्यांची अर्थाची वाट बंद पडलेली असते आणि प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेंत उलटा शिरून घर गांठूं पाहत असतो. मोरी तुंबली म्हणजे पाणी शेजाऱ्याच्या न्हाणींतून वर येतें, तेव्हां आपण मांत्रिकास बोलावीत नाहीं. इंग्लंडांत जोसेफ ल्यूकसच्या कारखान्यांतून निघणाऱ्या विजेच्या सामानाची इतकी थट्टा झाली कीं त्या गृहस्थाला 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवीच मिळाली. परंतु तिकडचे जुन्या गाड्यांचे हौशी मालक प्रथम अर्थाचे सांधे घांसतात आणि मग थट्टा करतात. आम्ही थट्टा तेवढी उचलली.

आमच्या परिचयाचे मुलुंडचे एक गृहस्थ आहेत. त्यांची मारुती ८०० सकाळीं चालू होईना. सेल्फ नुसता कण्हे आणि थांबे. पहिल्या दुकानांत नवी बॅटरी बसविली. चार दिवस बरे गेले. दुसऱ्या ठिकाणीं सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. तिसऱ्यानें अल्टरनेटरच बदला असें सांगितलें, व तोहि बदलून झाला. शेवटीं घाटकोपरच्या एका वयोवृद्ध मिस्त्रीनें सेल्फ मारावयास सांगून क्लचच्या केबलला हात लावला, आणि चटका बसल्याबरोबर हंसून हात मागें घेतला. इंजिन रबराच्या बैठकांवर बसलेलें असतें. त्याचा व गाडीच्या अंगाचा विजेचा संबंध एका जाड पट्टीनें राखलेला असतो. ती पट्टी बोल्टापाशीं कुजली होती, आणि सेल्फाचा शंभर अँपिअरच्या घरांतला प्रवाह क्लचच्या बिचाऱ्या केबलमधून परत जात होता. मिस्त्रीनें पट्टी बदलली, बोल्टाखालचा रंग व गंज लोखंड चकाकेपर्यंत खरवडला, आणि काम झालें. बॅटरी, कार्बन आणि अल्टरनेटर ह्यांवर खर्च झालेल्या रकमेविषयीं गृहस्थांची कांहीं तक्रार नव्हती. तक्रार होती ती ह्या मिस्त्रीच्या मजुरीविषयीं. "नुसता हात लावला आणि एक पट्टी बदलली, त्याचे एवढे पैसे?" असें ते आम्हांस आजहि विचारतात.

ह्या एका प्रश्नांत आमच्या वर्गाची सगळी करणी सांठलेली आहे. डॉक्टर पोटावर दोन बोटें टेकवतो आणि आपली फी घेतो, तेव्हां 'नुसतीं बोटें टेकलीं' असें आपण म्हणत नाहीं. बोटें कोठें टेकावीं हें कळण्यासाठीं त्यानें आयुष्याचीं वर्षें घातलीं आहेत, हें आपणांस मान्य असतें. वकिलाच्या अर्ध्या तासाच्या सल्ल्याचे पैसे आपण मुकाट्यानें देतों. आमच्यासारख्या प्राध्यापकांस पगार देतांना कोणी खडूचें वजन करीत नाहीं. परंतु निदान करणारा हात काळा व तेलकट असला कीं ज्ञानाची किंमत शून्य धरावयाची आणि केवळ वस्तूची किंमत द्यावयाची, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? त्याचा परिणाम ठरलेलाच आहे. ज्या कारागिराला दोष शोधण्याचे पैसे मिळत नाहींत तो दोष शोधीत बसत नाहीं. तो वस्तु विकतो. बॅटरी विकली तर नफा, अल्टरनेटर विकला तर अधिक नफा, आणि गंज खरवडला तर नुसते श्रम. मग गॅरेजवाले लुबाडतात अशी ओरड आपणच करावयाची! लुबाडण्याचा धडा त्यांस गिऱ्हाइकानेंच घालून दिला आहे.

खरें पाहतां उपनगरांत ह्या खरवडण्याच्या कामाची निकड इतर ठिकाणांहून अधिक. वर्सोव्याकडून खारा वारा येतो, चार महिने पाऊस असतो, आणि अंधेरीचा सबवे तर दरसाल पाण्याखालीं जातोच. तांब्याच्या तारेच्या टोकाला हिरवी बुरशी चढते, बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमते, आणि दिव्याच्या खोबणींत गंज धरतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुर्ला-कालिन्याच्या सखल भागांत मोटारीच्या मोटारी बुडाल्या, हें वाचकांस आठवत असेल. पाणी ओसरल्यावर गाद्या वाळविण्यांत आल्या, गालिचे बदलण्यांत आले, रंगाला चकाकी देण्यांत आली. पण तारेच्या उघड्या टोकांतून वेष्टणाच्या आंत चढलेलें पाणी कोणी काढावें? दिव्याची वात तेल ओढून घेते त्याप्रमाणें तारेचे बारीक पेड पाणी ओढून घेतात, आणि वरून धडधाकट दिसणारी तार आंतून काळी पडत जाते. अशा गाड्या पुढें ज्यांनीं स्वस्तांत घेतल्या त्यांना पहिलें वर्ष सुखाचें गेलें असेल. पुढच्या पावसाळ्यांनीं हिशेब चुकता केला.

अशा ह्या गाडींत आतां स्टिरिओ येतो.

मोटारींत गाणें असावें ह्याला आमची हरकत नाहीं. १९३० सालीं अमेरिकेंत पॉल गॅल्विन ह्यानें मोटारींत बसणारा रेडिओ बाजारांत आणला आणि 'मोटोरोला' हें नांवच त्यावरून पडलें, तेव्हांपासून ही हौस चालत आली आहे. १९५७ सालीं सुरू झालेली विविध भारती, आणि पुढें कॅसेटचा टेप, ह्यांनीं घाटांतले प्रवास किती गोड केले हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको. आमचा आक्षेप सुरांना नाहीं, क्रमाला आहे. ज्या गाडीच्या पुढच्या दिव्यांना पुरा प्रवाह मिळत नाहीं, तिच्या पाठीवर आणखी एक भार चढवावयाचा, तोहि जुन्याच तारा तोडून, आणि दिव्यांच्या दुरुस्तीसाठीं जें द्यावयास जड गेलें त्याच्या दसपट पैसे ह्यासाठीं आनंदानें मोजावयाचे, हा क्रम आम्हांस उलटा वाटतो.

स्टिरिओ बसविण्याची रीत तरी कशी असते पाहा. यंत्राच्या पाठीमागून ज्या तारा निघतात त्यांचे रंग आतां बहुतेक ठरून गेले आहेत. पिवळी तार थेट बॅटरीची. तिच्या बळावर यंत्राची घड्याळाची व स्टेशनांची आठवण टिकते. लाल तार किल्लीची. किल्ली फिरली म्हणजे तिनें यंत्र जागें करावयाचें व किल्ली काढली म्हणजे निजवावयाचें. काळी तार अर्थाची. पांढरी व करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी व जांभळी मागच्या स्पीकरांची, आणि प्रत्येकीची जोडीदारीण काळ्या रेघेची. हें शिकण्यास पदवी लागत नाहीं, अर्धा तास लागतो. परंतु दुकानांत गिऱ्हाइकांची रांग असते आणि जुन्या गाडींत किल्लीची तार शोधण्यास वेळ जातो. तेव्हां पिवळी व लाल एकत्र पिळून तीवर काळी टेप गुंडाळण्यांत येते. यंत्र वाजतें, मालक खूष होतो, आणि रविवारीं उभी केलेली गाडी बुधवारीं चालू होत नाहीं. हिशेब साधा आहे. अर्धा अँपिअर प्रवाह रात्रंदिवस झिरपत राहिला तर पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी सत्तर तासांत कोरडी पडते. मालक अर्थातच म्हणतो कीं बॅटरी खराब निघाली, आणि दुसरी घेतो.

पद्मिनीसारख्या जुन्या गाडींत आणखी एक खांचखळगा असतो. पूर्वीच्या मोटार-रेडिओंत बहुधा एकच स्पीकर असे आणि त्याचें एक टोक सरळ गाडीच्या अंगालाच जोडलेलें असे. हल्लींच्या यंत्रांत स्पीकरच्या दोन्ही तारांवर वीज खेळत असते. त्यांपैकीं एकहि अंगाला लागतां कामा नये. जुनी जोडणी तशीच ठेवून नवें यंत्र लावलें तर त्याची शक्तिवर्धक चकती जळते, आणि दुकानदार म्हणतो कीं जुन्या गाडीचें कांहीं सांगतां येत नाहीं. त्याहून जुन्या कित्येक इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत तर बॅटरीचें धन टोकच अंगाला जोडलेलें असे. तेथें डोळे मिटून जोडणी करणाराला तत्काळ धूर दिसतो.

आतां ह्या यंत्राच्या डब्यावर काय छापलेलें असतें तें वाचावें. 'पन्नास वॅट गुणिले चार'. म्हणजे दोनशें वॅट. आमच्या पदवीधर मित्रांनीं तो डबा तसाच उलटा करून यंत्राच्या पाठीवरचा फ्यूज पाहावा. तो बहुधा दहा अँपिअरचा असतो. इंजिन चालू असतां गाडींत फार तर १४.४ व्होल्ट असतात. दहाला १४.४ नें गुणिलें म्हणजे १४४ वॅट आंत जातात; त्यांतून दोनशें वॅट बाहेर कसे येणार? आणि इतक्या व्होल्टांवर चार ओमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे पंचवीस-सव्वीस वॅटच काय ते मिळूं शकतात, हें कनिष्ठ महाविद्यालयांतल्या मुलासहि मांडून दाखवितां येईल. पन्नासाचा आंकडा आवाज फाटेपर्यंत यंत्र ताणून क्षणभर मिळविलेला असतो. घरीं दूधवाल्यानें लिटरामागें वाटीभर पाणी घातलें तर जे गृहस्थ सोसायटीची सभा बोलावतात, तेच ह्या आंकड्यापुढें मान डोलावतात आणि मुलाला अभिमानानें सांगतात कीं दोनशें वॅटचा बसविला आहे!

मौज अशी कीं ज्या बिघाडाकडे मालकानें पाठ फिरविली, त्याची चहाडी हा स्टिरिओच प्रथम करतो. इंजिनाचा वेग वाढला कीं स्पीकरांतून एक बारीक शीळ निघूं लागते. वेग कमी झाला कीं तिचा स्वर उतरतो. गाणें थांबवलें तरी ती थांबत नाहीं. ही शीळ म्हणजे दुसरें कांहीं नसून अर्थाच्या निरनिराळ्या जागांत पडलेलें अंतर आहे. अल्टरनेटरची थरथर त्या अंतरावाटे गाण्यांत शिरते. वीज येथें मालकाच्या कानांत ओरडून सांगते कीं माझी परतीची वाट कुजली आहे. ह्यावर दुकानांत उपाय काय सांगतात? 'नॉइज फिल्टर' म्हणून एक डबी मिळते ती मध्यें बसवा. शीळ बंद होते किंवा कमी होते, पट्टी तशीच कुजत राहते. ताप उतरला म्हणून रोग गेला असें मानणाऱ्या घरांत काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे.

पण ह्या सर्वांहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यासाठीं मुख्यतः आम्हीं लेखणी उचलली. मोठा आवाज हवा म्हणून निराळा ॲम्प्लिफायर बसवितात, आणि त्याला प्रवाह पुरावा म्हणून बॅटरीपासून एक जाड तार सरळ आंत ओढून घेतात. ही तार इंजिन व बैठक ह्यांच्यामधल्या पत्र्याला पाडलेल्या भोंकांतून येते. भोंकाला रबरी कडें बसविलेलें नसलें तर पत्र्याची धार त्या तारेच्या वेष्टणावर घांसत राहते, आणि आमच्या रस्त्यांवर तिला घांसण्यास उसंत कमी पडत नाहीं. एके दिवशीं तांबें पत्र्याला टेकतें. दुकानदार सांगतो कीं यंत्राच्या पाठीमागें फ्यूज आहे, काळजी नको. परंतु आग लागते ती बॅटरी आणि त्या फ्यूज ह्यांच्यामध्यें. पुढच्या गल्लींतला पोलीस मागच्या गल्लींतली चोरी कशी अडविणार? ह्या तारेवर फ्यूज हवा तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. त्याला खर्च किती? चहा-फराळाइतका. तरी तो नसतो, कारण तो दिसत नाहीं व वाजत नाहीं, आणि गिऱ्हाईक त्याविषयीं विचारीत नाहीं. कांहीं गाड्यांत तर जळलेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली आम्हीं पाहिली आहे. फ्यूजचें काम स्वतः जळून गाडी वाचविण्याचें. त्याला न जळणारा केला म्हणजे जळावयाला गाडीच तेवढी उरते.

ह्या चांदीच्या कागदाला आमच्यांतील कांहीं विद्वान 'जुगाड' म्हणून गौरवितात. २०१२ सालीं नवी राजू, जयदीप प्रभू व सिमोन आहुजा ह्यांनीं 'जुगाड इनोव्हेशन' नांवाचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें; थोडक्या साधनांत नवें कांहीं घडविण्याची बुद्धि हा त्याचा विषय. त्या बुद्धीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्यानंतर हा शब्द इतका स्वस्त झाला कीं व्याख्यानांत, वर्तमानपत्रांत आणि महाविद्यालयांच्या संमेलनांत प्रत्येक निष्काळजी जोडणीला तो चिकटविण्यांत येऊं लागला. साधनें नसतांना मार्ग काढणें ही कारागिरी. साधन चार पावलांवर चहाच्या किमतींत मिळत असतां तें न वापरणें हा आळस. मिस्त्री रात्रीं अकरा वाजतां महामार्गावर अडलेल्या कुटुंबाला घरीं पोंचविण्यासाठीं तार पिळून गाडी चालू करून देतो, तो धन्य होय. तीच पिळलेली तार सहा वर्षें तशीच ठेवणारा मालक धन्य नव्हे. शिवाय ह्या गौरवांत एक छुपी तुच्छताहि आहे असें आम्हांस वाटतें. आपल्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठीं कोणी जुगाडी शल्यवैद्य शोधीत नाहीं. कारागिराकडून नीटनेटक्या कामाची अपेक्षाच न करणें आणि त्याच्या ओबडधोबड कामावर कौतुकानें हंसणें, ह्याला आदर म्हणत नाहींत.

पद्मिनीची गोष्ट ह्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे. ही मोटार परक्या मुलखांतून आलेली नव्हती. तिचा आराखडा इटलींतील फियाट कंपनीचा खरा, पण ती बनत असे कुर्ल्यास, वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत. १९६४ पासून 'फियाट ११००'च्या त्या घाटाची गाडी येथें निघत होती आणि पुढें तिनें पद्मिनी हें नांव धारण केलें. काळीपिवळी टॅक्सी म्हणून तीच; शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्या दिवशीं वर्तमानपत्रांतून केवढे उमाळे दाटून आले! छायाचित्रें निघालीं, आठवणी निघाल्या. कारखान्याच्या जागीं आतां उंच इमारतींची वसाहत उभी आहे. 'प्रीमियर रोड' हें नांव तेवढें उरलें आहे. परंतु ज्या माणसांनीं अर्धशतक ह्या गाड्या चालत्या ठेवल्या, डायनॅमोच्या आवाजावरून त्याचे कार्बन किती झिजले तें सांगितलें, 'कटआऊट'ची पट्टी नखानें किती वांकवावी हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांचें ज्ञान कोणीं टिपून ठेवलें? चिनी मातीच्या अंगाचे टोकदार फ्यूज, तारांच्या जुडग्यांतील रंगांचा क्रम, कोणत्या स्क्रूखालीं कोणता अर्थ, हें सर्व त्यांच्या डोक्यांत होतें आणि त्यांच्याबरोबरच तें जात आहे. गाडीचें छायाचित्र घरांत लावणें सोपें असतें. तिचा विजेचा आराखडा मराठींत एका पानावर काढून ठेवणें आमच्या विद्वानांस जमलें नाहीं. आमच्या प्रयोगशाळांत व्हीट्स्टनचा सेतु मांडून विद्यार्थी अवरोध मोजतात आणि वहींत सही घेतात. फाटकाबाहेर प्राचार्यांची गाडी बंद पडली तर त्यांतला एकहि पुढें येत नाहीं. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व कबूल, पण ज्या गाडीची बाजारांत पन्नास हजारहि किंमत नाहीं तिच्या तारांवर दहा-पंधरा हजार कां घालावे? हा आक्षेप वरवर व्यवहारी दिसतो. परंतु तेच गृहस्थ तिच्यांत पंधरा हजारांचा स्टिरिओ घालतात तेव्हां गाडीची किंमत कोणी काढीत नाहीं! आणि वीज म्हणजे केवळ मालकाच्या सोईची बाब नव्हे. जुलैच्या पावसांत पूर्व द्रुतगती मार्गावर ज्या गाडीचा मागचा दिवा लागत नाहीं, ती गाडी मालकाच्या मालकीची असली तरी तिच्यावर येऊन आदळणारा दुचाकीस्वार त्याच्या मालकीचा नसतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें पांच पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ह्या नूतनीकरणाचें शुल्क सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर नेण्यांत आलें तेव्हां आमच्या वर्गानें पुष्कळ त्रागा केला. त्रागा करण्यास हरकत नाहीं. पण तपासणीच्या आदल्या दिवशीं दिवे कसेबसे लावून घ्यावयाचे आणि शिक्का मिळाला कीं दुसऱ्या दिवसापासून ते विझले तरी चालतील असें मानावयाचें, हें ज्या वर्गांत चालतें त्यानें सरकारच्या नांवानें बोटें मोडूं नयेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांना स्वतंत्र मान दिला आहे. मूळ रूप हा शब्द तेथें मुद्दाम आहे. आज स्टिरिओसाठीं ज्या मूळ तारा कापल्या जात आहेत, त्या उद्यां मिळावयाच्या नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं कारागीरच मिळत नाहींत. मिळतात, पण शोधावे लागतात, व त्यांच्यापाशीं थांबावें लागतें. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांपाशीं, अंधेरी-घाटकोपरच्या आडगल्ल्यांत, अजून असे मिस्त्री आहेत कीं जे तार पिळीत नाहींत, तिला डाख देतात, वर नळी चढवितात आणि मगच टेप गुंडाळतात. ते सावकाश काम करतात म्हणून आपण त्यांना टाळतों. दुकानांत पाऊण तासांत स्टिरिओ बसवून मिळतो, काचेच्या खोलींत बसावयास मिळतें, हें आपणांस सुधारणेचें लक्षण वाटतें.

तेव्हां आमचें मागणें अगदीं थोडें आहे, आणि तें मिस्त्रीपाशीं नसून मालकापाशीं आहे. चारपांचशें रुपयांत अंकांचा मल्टिमीटर मिळतो. तो घरांत थर्मामीटरशेजारीं असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर तो बारा व्होल्टांच्या सहादशांश वर दाखवीत असेल आणि इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जात असेल, तर बॅटरी व अल्टरनेटर ह्यांस हात लावूं देऊं नये, दुकानदार कांहींहि म्हणो. पुढचे दिवे लावून बॅटरीचें ऋण टोक व गाडीचें अंग ह्यांच्यामध्यें मल्टिमीटर धरावा. व्होल्टाच्या दोनदशांशाहून अधिक दिसलें तर दोष कोणत्या वाटेवर आहे हें तेथेंच कळलें. मग मिस्त्रीकडे जावें, त्याला दोष शोधण्यास दिवस द्यावा, आणि त्या दिवसाचे पैसे निराळे ठरवावे. त्यानें कोणती तार कोठून कोठें नेली हें एका कागदावर लिहून घ्यावें. लिहितां येत नसेल तर त्यानें सांगावें व मालकानें लिहावें, तेवढें लिखाण तरी आमच्या वर्गाला येतें. तो कागद वेष्टणांत घालून डॅशबोर्डाखालीं चिकटवावा. स्टिरिओ त्यानंतर खुशाल बसवावा, पिवळी व लाल वेगवेगळी ठेवून, आणि बिल येईल तेव्हां त्यांत 'दोष शोधण्याची मजुरी' ही ओळ सर्वांत वर लिहावयास सांगावी.